जत्रेत जावा, रानात तंबू आणि टाकीत ऊस

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना दर दोन वाक्यांनी येणारं ‘ॲक्च्युअली’ काढून टाकलंय, आकडे नीट करून घातलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय. रेकॉर्डिंगमध्ये मागं हलगी वाजतीये. ती एडिटमध्ये काढता आली असती, पण मुद्दाम ठेवली.

तर या वेळचा भाग उत्रोलीचा. भोरजवळचं गाव. पुण्याहून सातारा रस्त्यानं कापूरहोळपर्यंत यायचं आणि तिथून उजवीकडं भोरच्या दिशेला वळायचं. इतिहास वाचणाऱ्यांना हे नाव खंडोजी खोपड्यांमुळं माहीत असतं. अफझलखानाच्या स्वारीत खानाला जाऊन मिळालेले इथले देशमुख; पुढं कान्होजी जेध्यांनी शब्द टाकला म्हणून जीव वाचला, पण एक हात आणि एक पाय गेला. रोहिड खोऱ्यात फिरताना असं कुणी ना कुणी भेटतंच.

आमचा ग्रुप जुन्या मोटारसायकलवाल्यांचा. निम्मे आयटीतले, दोन गॅरेजवाले, एक निवृत्त शिक्षक. शनिवार-रविवार आम्ही यात्रेत गाड्या लावल्या आणि एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात तंबू टाकले. नऊ गाड्या, त्यातली एक टेम्पोत. (टेम्पोतली कुणाची ते सांगायचं नाही असं ठरलंय.) गेल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांनी विचारलं, की गावच्या जत्रेत असं काही करायचं तर कसं करायचं, आणि नव्या पेट्रोलवर या गाड्या चालतात का. दोन्हींची उत्तरं एकाच ठिकाणी मिळाली म्हणून हा भाग.

आधी थोडं मागचं. इंग्लंडमध्ये ही गोष्ट रुळलेली आहे. तिथं जुन्या मोटारसायकलींचा मोठा क्लब १९४६ साली सुरू झाला. गावोगावच्या शेतकी मेळ्यांत अशा क्लबांना मैदानाचा एक कोपरा देतात, मंडळी तिथंच तंबू ठोकून राहतात आणि दुपारी गाड्या रिंगणातून फिरवतात. आपल्याकडं जत्रा आणि मोटारसायकल म्हटलं की आठवतो मौत का कुआँ. लाकडी फळ्यांची उभी भिंत, वरून वाकून बघणारी माणसं आणि आत सायलेन्सर काढलेली यामाहा. म्हणजे जत्रेत मोटारसायकल दाखवायची परंपरा आपलीही आहे, फक्त ती क्लबवाल्यांची नाही, पोटासाठी जीव टांगणाऱ्यांची आहे.

आता विषय निघालाच आहे तर गणित सांगून टाकतो. भिंत उभी असते, त्यामुळं गाडीला खाली पडण्यापासून रोखतं ते फक्त टायर आणि फळीमधलं घर्षण. गाडी गोल फिरते तेव्हा भिंत तिला आत ढकलते, आणि वेग जितका जास्त तितका हा दाब वाढतो, तोही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. विहीर १० मीटर व्यासाची धरली आणि घर्षणाचा गुणांक ०.७ धरला, तर पडू नये म्हणून ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेग लागतो. एवढाच. वजन या समीकरणातून उडून जातं, म्हणून त्याच भिंतीवर मारुती ८०० पण चढते. धोका कुठं आहे ते यावरून कळतं. वेग गाठणं अवघड नाही. वेग एकदाही कमी न होणं अवघड आहे. प्लगनं एक ठिणगी खाल्ली, पेट्रोलचा नळ अर्धा बंद राहिला, की संपलं.

दोन सायलेन्सर, एक इंजिन

आमच्या गाड्यांत पाच जावा-येझदी होत्या. त्यांच्यापुढं सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न: दोन सायलेन्सर म्हणजे आत दोन इंजिनं का?

नाही. एकच सिलिंडर, २५० सीसीचा. टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीलाच भोकं असतात, ज्यांना पोर्ट म्हणतात, आणि पिस्टन वरखाली होताना तोच ती भोकं उघडतो आणि झाकतो. बाकी गाड्यांत जळालेला वायू बाहेर जायला साधारण एकच पोर्ट. यांच्यात दोन आहेत, एक डावीकडं, एक उजवीकडं, म्हणून दोन नळ्या आणि दोन सायलेन्सर. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो, फोर-स्ट्रोकसारखा एकाआड एक नाही. तो जो सलग पट-पट आवाज आहे तो यातून येतो.

दुसरी गंमत किकची. गिअरचा जो दांडा आहे तोच आत दाबून मागं वळवला की किक होतो. गाडी सुरू झाली की पुन्हा पुढं करायचा, की झाला गिअर. पोरांनी हे किमान पन्नास वेळा करायला लावलं. लहान मुलांपेक्षा ज्यांनी तरुणपणी ही गाडी चालवलीय त्यांना हे करून बघायची जास्त घाई होती, आणि पाय अजून विसरलेला नसतो हे बघायला मजा येते.

कंपनीची गोष्ट थोडक्यात. प्रागमध्ये फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये जर्मन वाँडरर कंपनीकडून मोटारसायकलचं डिझाइन घेतलं. दोन नावांची पहिली अक्षरं जोडून ‘जावा’ झालं. भारतात रुस्तम इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावा काढली. १९६१ मध्ये उत्पादन सुरू झालं, पुढं येझदी हे नाव आलं, १९७८ मध्ये रोडकिंग आली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०१८ पासून जावा नावाच्या नव्या गाड्या मिळतात, पण त्या फोर-स्ट्रोक आहेत. त्या वाईट नाहीत, पण दोन्हींत साम्य मुख्यतः टाकीवरच्या नावाचं. जुन्यांचे मालक दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा दिवस पाळतात, पुण्यातही. तिथं सगळे जाणकार असतात, म्हणून कुणी काही विचारत नाही. जत्रेत प्रश्नच प्रश्न.

आणि एक गोष्ट आम्हाला अपेक्षित नव्हती. सगळ्यात जास्त गर्दी जावापाशी झालीच नाही. एक जण सहज म्हणून वडिलांची बजाज एम-८० घेऊन आला होता, ती कडेला उभी होती. लोक तिथं. कुणी तिच्यावरून दूध घातलेलं, कुणी दोन पोती खत आणलेलं, कुणी बायकोला बाळंतपणाला माहेरी सोडलेलं. १९८६ पासूनची ही गाडी. शहरातल्या कुठल्याच व्हिंटेज प्रदर्शनात तिला कुणी बोलावत नाही. जावा ही ज्याच्याकडं पैसे होते त्याची गाडी होती. एम-८० आणि लुना यांनी गाव चालवलं. माझं स्पष्ट मत आहे, गावात प्रदर्शन लावायचं तर निम्म्या गाड्या त्या गावानं चालवलेल्या पाहिजेत. नाहीतर आपण फक्त मिरवून येतो.

लावायच्या कुठं, राहायचं कुठं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण ऐका, कारण खरी जबाबदारी इथं आहे.

परवानगी यात्रा कमिटीची आणि ग्रामपंचायतीची, आणि पोलीस ठाण्याला अर्ज. जागा ज्याच्या मालकीची त्याचा होकार वेगळा. कमिटीला पहिल्याच भेटीत तीन गोष्टी सांगायच्या: तिकीट नाही, विक्री नाही, रेस नाही. तिसरी सर्वांत महत्त्वाची. मोटारसायकलवाले पुण्यातून येतायत म्हटलं की गावाच्या डोळ्यापुढं रविवारी सकाळी घाटात फटाके फोडत जाणारे येतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

जागा निवडताना पालखीचा आणि दर्शनाचा रस्ता आधी चालून बघायचा. भोर भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. २५ जानेवारी २००५ ला इथून आंबाडे घाटापलीकडं मांढरदेवीला चेंगराचेंगरी झाली, जवळपास ३०० माणसं गेली. अरुंद वाट, नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं, मग आगी आणि सिलिंडरचे स्फोट. नंतर न्यायमूर्ती कोचर आयोग नेमला गेला. आमच्यासारख्यांनी यातून घ्यायचं ते एवढंच, की वाटेच्या कडेला नऊ गाड्या लावल्या म्हणजे वाट तेवढी अरुंद केली. गर्दी मागं सरकली तर तिला जागा लागते, आणि साइड स्टँडवरची दीडशे किलोची गाडी पायावर आडवी होते. म्हणून आम्ही रस्त्यापासून आत रानात गाड्या लावल्या, मधल्या स्टँडवर, पुढं सुतळी, आणि सुतळीला बाहेर पडायला दोन तोंडं.

पेट्रोल. प्रदर्शनात उभ्या गाडीच्या टाकीत एक लिटरपेक्षा जास्त ठेवायचं नाही आणि कॅनमधलं पेट्रोल जत्रेत आणायचंच नाही. रात्री छबिना असतो, शोभेची दारू उडते, चैत्रातलं गवत कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. आमचे कॅन तंबूंपासूनही लांब, सावलीत. वाळूच्या दोन बादल्या आणि पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर गाड्यांपाशी. चूल तंबूंच्या वाऱ्याखालच्या बाजूला.

बैलं. यात्रेत बैलगाडा शर्यत असेल तर आधी विचारा. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परत सुरू झाल्या आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. इतक्या वर्षांनी हाती आलेला खेळ आहे, आणि शर्यतीचा बैल अचानक आवाजाला बिचकतो. घाटापासून लांब राहायचं आणि शर्यत चालू असताना एकही इंजिन सुरू करायचं नाही. आम्ही दिवसातून दोनच वेळा इंजिनं सुरू केली, अकराला आणि पाचला, आणि ते स्पीकरवरून आधी सांगून.

मुक्कामाचं फार सांगण्यासारखं नाही. भात निघाल्यावर मोकळी झालेली खाचरं तंबूला उत्तम, फक्त बांधाला चिकटून तंबू टाकू नका, उन्हाळ्यात साप संध्याकाळी बांधातून बाहेर येतात. बूट झटकून घाला. पाणी स्वतःचं न्या. नीरेच्या खोऱ्यात दोन मोठी धरणं असली तरी चैत्रात गावच्या विहिरीवर वीस माणसांचा भार टाकायचा नसतो. संडासाची सोय आधी विचारून ठरवा. आणि ज्यानं रान दिलं त्यानं पैसे घेतले नाहीत म्हणून आपण फुकट राहिलो असं होत नाही. आम्ही त्याच्या पाण्याच्या इंजिनाची सर्व्हिस करून दिली.

टाकीतला ऊस

आता ज्यासाठी बऱ्याच जणांनी मेसेज केले तो विषय.

येताना आमच्यातली एक रोडकिंग कापूरहोळच्या पुढच्या चढाला जाम झाली. पिस्टन धरला. थंड झाल्यावर सुटला, सिलिंडरवर रेघा उमटल्या. तीच ती टेम्पोतली. ऑइल बरोबर घातलेलं, मिश्रणही बरोबर. मग झालं काय?

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचं धोरण जुनं आहे, पण वेग आला २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर. जून २०२२ मध्ये देश १० टक्क्यांवर पोचला, फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२० म्हणजे २० टक्केवालं पेट्रोल आलं, आणि २०२५ मध्ये ते सगळीकडं झालं. कंपन्यांनी ई-२० ला टिकणारे रबर-प्लास्टिकचे भाग द्यायला सुरुवात केली एप्रिल २०२३ पासून. त्याआधीची गाडी असेल तर ती या पेट्रोलसाठी बनलेली नाही. १९७०-८० मधली तर नाहीच. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, सर्व्हर बदलला आणि जुन्या क्लायंटला कुणी कळवलं नाही.

अडचणी तीन, आणि त्या वेगवेगळ्या आहेत, गल्लत करू नका.

पहिली हवेची. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच पुरते, कारण त्याच्यात स्वतःचा ऑक्सिजन असतो. ई-२० ला साधारण १३.५. नव्या गाडीत सेन्सर हे ओळखतो आणि इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरला मेंदू नाही, त्याचं जेट ठरलेल्या मापाचं भोक. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जवळपास आठ टक्के कमी पडतं. मिश्रण पातळ झालं की टू-स्ट्रोकचा पिस्टन तापतो, आणि चढावर, उन्हात, मागं माणूस बसलेलं असताना धरतो. उपाय स्वस्त आहे: मेन जेट थोडं मोठं. इंधन भोकाच्या क्षेत्रफळाप्रमाणं वाढतं, त्यामुळं व्यास चारेक टक्के वाढला तरी पुरतं. जेट बदलून पूर्ण थ्रॉटलवर थोडं चालवा, इंजिन तिथंच बंद करा आणि प्लग काढून बघा. पांढरा म्हणजे अजून पातळ, चहाच्या रंगाचा म्हणजे ठीक.

दुसरी पाण्याची, आणि ही टू-स्ट्रोकलाच जास्त घातक. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली आणि टाकीत पुरेसं पाणी साचलं, की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर जातं आणि तो जड थर तळाला बसतो. पेट्रोलचा नळ कुठं असतो? तळाला. आणि आपलं टू-टी ऑइल कुठं राहतं? वरच्या पेट्रोलमध्ये. म्हणजे तुम्ही लिटरला ४० मिली मोजून ऑइल घातलंत, तरी इंजिन पहिले काही मिनिटं ऑइल नसलेलं पाणी-मिश्रित इथेनॉल पितं. फोर-स्ट्रोकचं ऑइल वेगळं खाली चेंबरमध्ये असतं, ती गाडी फक्त बंद पडेल. टू-स्ट्रोक जाम होईल. म्हणून महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी पूर्ण रिकामी करा आणि कार्ब्युरेटरही. ऑइल बदलणार असाल तर आधी काचेच्या बाटलीत ई-२० बरोबर मिसळून रात्रभर ठेवा. सकाळी खाली-वर वेगळं दिसलं तर ते ऑइल तुमच्या कामाचं नाही.

तिसरी रबराची. जुने पेट्रोल पाइप, फ्लोटची सुई, गॅस्केट इथेनॉलनं फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. टाकीला आतून लावलेलं कोटिंग पापुद्रे होऊन सुटतं आणि नळात अडकतं. पाइप व्हायटॉनचा घ्या, महाग वाटला तरी.

मायलेजचं म्हणाल तर इथेनॉलमध्ये लिटरमागं ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच दुचाकींना ३ ते ४ टक्के आणि जुन्या बनावटीच्या चारचाकींना ६ ते ७ टक्के घट धरली होती. व्हॉट्सॲपवर फिरतं तसं निम्मं होत नाही.

हे सगळं मी रविवारी सकाळी सुतळीच्या पलीकडं उभ्या असलेल्या एका काकांना जरा तावातावानं सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाले की त्यांचा दीड एकर ऊस आहे.

इथं विषय सोपा राहत नाही. भोर तालुक्याचा पश्चिम भाग भाताचा, पण खाली पूर्वेला ऊस आहे, निगड्याला राजगड सहकारी साखर कारखाना आहे. भाटघरचं पाणी तर नीरेच्या कालव्यांतून पार बारामती, फलटण, माळशिरसच्या उसाला जातं. टनभर उसाच्या रसातून ७० लिटरच्या आसपास इथेनॉल निघतं. साखर गोदामात पडून राहते, इथेनॉलचे पैसे तेल कंपन्या लवकर देतात, आणि कारखान्याकडं पैसा आला तर उसाचं बिल वेळेवर निघायची शक्यता वाढते. काकांना माझ्या जेटशी काही देणंघेणं नव्हतं, आणि का असावं? त्यात डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून सरकारनं रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली तेव्हा धक्का त्यांनाच बसला. आता इथेनॉलचा मोठा वाटा मक्यातून येतो, म्हणजे ऊसवाल्याच्या नावानं जे चालतं ते सगळं त्याला मिळतंच असंही नाही. हे शेवटचं त्यांनीच मला सांगितलं, मी त्यांना नाही.

इथेनॉल नसलेलं पेट्रोलही पंपावर मिळावं अशी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. सुनावणीत सरकारनं ऊस उत्पादकांचाच मुद्दा पुढं केला होता. मला विचाराल तर मिश्रण बंद करा ही मागणी चुकीची आहे. पण पंपावर टक्केवारी ठळक लिहा आणि प्रत्येक तालुक्यात एका पंपावर जुनं मिश्रण ठेवा, एवढं मागायला हरकत नाही. कारण जावावाला जेट बदलेल, त्याला हौस आहे, पैसे आहेत. एम-८० वर अजून दूध घालणाऱ्याला हे कोण सांगणार?

जाता जाता कागदपत्रं, कारण जत्रेतही तिघांनी विचारलं. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरसी नूतनीकरण. मोटारसायकलची फी एप्रिल २०२२ मध्ये ३०० वरून १,००० रुपये झाली, आणि २० वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून २,००० रुपये. वर राज्याचा पर्यावरण कर आहे. ५० वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणं व्हिंटेज नोंदणी होते: २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, पुढं ५,००० रुपये, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण मग ती रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. पहिल्या रोडकिंगसुद्धा २०२८ शिवाय यात बसत नाहीत. रोज चालवायची असेल तर या भानगडीत पडू नका.

काका जाताना म्हणाले, माझ्याकडं पण एम-८० आहे, पेट्रोल ठिबकतंय. दुपारी घेऊन आले. पाइप हातात घेतल्याबरोबर मोडला, वाळलेल्या काडीसारखा. आमच्या किटमधला व्हायटॉनचा फूटभर पाइप लागला, टाकी तीन वेळा धुतली, तिच्यातून निघालेला गंज वर्तमानपत्रावर वाळत घातला तर ओंजळभर भरला. जेट आमच्याकडं त्या मापाचं नव्हतं. ते बुधवारी भोरच्या एसटीनं पाठवलं.